क्लॅव्हर्टनचे पाणचाक आणि आमच्या होस्टेलची मोटर

मागच्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या होस्टेलचे पाणी गेले. बाहेर पाऊस धो धो पडत होता, तळमजल्याची टाकी काठोकाठ भरलेली होती, पण ते पाणी गच्चीवरच्या टाकीत काही चढेना. मोटर जळाली होती. पुढचे तीन दिवस आम्ही सगळे बादल्या घेऊन जिन्यावरून वर-खाली करत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांचे हाल तर विचारू नका. आमच्या विंगमधल्या एकाने तीन दिवस दाढी केली नाही आणि त्याचे कारण म्हणून बर्नोलीचे समीकरण सांगितले.

त्याच आठवड्यात थर्ड इयरच्या सेमिनारचे विषय द्यायचे होते. मी ठरल्याप्रमाणे नेटवर पटकन सापडेल असा एक चकचकीत विषय घेऊन गेलो होतो. सरांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि विचारले, "काय रे, होस्टेलला पाणी आलं का?" मी म्हटले, "नाही सर, मोटर रिवाइंडिंगला गेलीय." ते म्हणाले, "मग हा विषय राहू दे. इंग्लंडमध्ये बाथ गावाजवळ क्लॅव्हर्टन म्हणून जागा आहे. तिथे दोनशे वर्षांपूर्वी नदीचं पाणी वर चढवायचं यंत्र बसवलं. वीज नाही, वाफ नाही, डिझेल नाही. ते मोडलं आणि परत चालू झालं. कुणी चालू केलं ते बघ, मग माझ्याकडे ये."

खरे सांगतो, पाणचक्की हा विषय ऐकून तोंड वाकडे झाले होते. आपल्या फ्लुइड मशिनरीच्या पुस्तकात पाणचाकाला अर्धे पान मिळते आणि मग लगेच पेल्टन, फ्रान्सिस, कॅप्लान सुरू. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून ते अर्धे पानही कुणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते.

आधी हे यंत्र तिथे कशाला हवे होते ते सांगतो. इंग्लंडच्या दक्षिण भागात केनेट अँड एव्हन नावाचा कालवा आहे. पूर्वेला रेडिंग आणि पश्चिमेला ब्रिस्टल यांना जोडणारा हा जलमार्ग सुमारे १४० किलोमीटर लांबीचा. आपल्याकडे कालवा म्हटले की शेतीचे पाणी डोळ्यासमोर येते, पण हा कालवा होता मालवाहतुकीचा. रेल्वे यायच्या आधीचा काळ, रस्ते खराब, त्यामुळे कोळसा, दगड, धान्य सगळे बोटीतून जायचे आणि काठावरून घोडा दोर ओढायचा. कालवा १८१० मध्ये पूर्ण खुला झाला. त्याचा इंजिनिअर होता जॉन रेनी.

बोट डोंगर चढते कशी आणि उतरते कशी? त्यासाठी लॉक असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडून किंवा भरून बोट खालच्या किंवा वरच्या पातळीला न्यायची. सोपे आहे. पण यातली गोम अशी, की प्रत्येक वेळी हौदभर पाणी वरच्या बाजूकडून खालच्या बाजूला जाते आणि ते पुन्हा वर येत नाही. एका हौदात लाखो लिटर पाणी. बाथ गावात हा कालवा लॉकच्या पायऱ्यांनी उतरून एव्हन नदीला मिळतो, म्हणजे तिथे बोटीगणिक पाणी नदीत जात होते. त्याच्या वर ब्रॅडफर्डपर्यंत साधारण १५ किलोमीटरचा एकच सपाट टप्पा, आणि त्यातला काही भाग चांगलाच गळका. वरून पाणी पुरेसे येत नव्हते. कालवा झाला, बोटी आल्या, आणि पाणी कमी पडायला लागले.

आता गंमत बघा. क्लॅव्हर्टनला कालवा टेकडीच्या कडेने जातो आणि त्याच्या खाली, जवळजवळ १४.६ मीटर खाली, एव्हन नदी भरून वाहते. पाणी समोर दिसते आहे पण हवे तिथे नाही. मी हे वाचले तेव्हा उठून गच्चीवर गेलो आणि खाली तळमजल्याच्या टाकीकडे बघितले. आमची गच्चीवरची टाकी साधारण तेवढ्याच उंचीवर आहे.

रेनीच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने वाफेचे इंजिन बसवले असते. रेनीनेही याच कालव्यावर दुसऱ्या ठिकाणी, क्रॉफ्टनला, ते केलेच. पण क्लॅव्हर्टनला नदी होती, पूर्वीपासून धान्य दळायच्या चक्कीची जागा होती, आणि रेनीला चक्की म्हणजे काय ते आपल्या हाताच्या रेषांसारखे ठाऊक होते. हा माणूस मूळचा स्कॉटलंडमधला. लहानपणीच तो अँड्र्यू मेकल या चक्क्या बांधणाऱ्या कारागिराच्या कारखान्यात जाऊन बसायचा. मळणीयंत्र करणारा म्हणून ज्याचे नाव सांगतात तोच हा मेकल. पुढे रेनीने लंडनला अल्बियन मिल्स या वाफेवर चालणाऱ्या मोठ्या पिठाच्या गिरणीचे यंत्रकाम केले आणि लाकडाच्या जागी लोखंडी दातेचाके व दांडे वापरून दाखवले. ती गिरणी १७९१ मध्ये जळून गेली, पण रेनीचे नाव झाले. म्हणजे वाफ कळत नव्हती म्हणून त्याने पाणी निवडले, असे कुणी समजू नये. दोन्ही कळत होते, म्हणून निवड करता आली.

त्याने असे ठरवले, की नदीचे काम नदीलाच लावायचे. पुष्कळ पाणी थोडे खाली पडू द्यायचे आणि त्या जोरावर थोडे पाणी पुष्कळ वर चढवायचे. १८०९ ते १८१३ या काळात हे पंपघर उभे राहिले.

आता यंत्राकडे येऊ. मेकॅनिकलवाल्यांनी पेन काढा, बाकीच्यांनी एक पान सोडले तरी चालेल (पण सोडू नका).

नदीवर बंधारा आहे. त्याच्यामुळे पाण्याची पातळी वर राहते आणि बाजूच्या पाटातून पाणी पंपघरात येते. तिथे चाक आहे, व्यास सुमारे ५.२ मीटर आणि रुंदी तब्बल ७.३ मीटर. चाक व्यासापेक्षा रुंद! मी आधी आकडे उलटे लिहिले गेलेत असे समजून दोनदा तपासले. पण विचार केला तर बरोबर आहे. इथे पाण्याला पडायला उंची फारशी नाही, पण पाणी भरपूर आहे. उंची कमी असेल तर पाणी जास्त घ्यावे लागते आणि जास्त पाणी घ्यायचे तर चाक रुंद हवे. टर्बाइनच्या धड्यात आपण हेच शिकतो: जास्त हेडला पेल्टन, कमी हेडला कॅप्लान. रेनीला ही नावे माहीत असायचे कारण नाही, दोघेही तेव्हा जन्मलेले नव्हते.

एवढा रुंद नग एकाच लांब आसावर, फक्त दोन टोकांना आधार देऊन ठेवला तर आस मधे वाकणार. सिम्पली सपोर्टेड बीम, मधे बेंडिंग मोमेंट सर्वांत जास्त, सेकंड इयरचा पहिला धडा. म्हणूनच चाक सलग एक नाही, शेजारी शेजारी दोन चाके आहेत आणि मधे आसाला आणखी एक बेअरिंग.

पाणी चाकावर डोक्यावरून पडत नाही आणि अगदी खालूनही मारत नाही, ते मधे, चाकाच्या छातीवर घेतात. याला महत्त्व आहे. १७५० च्या दशकात जॉन स्मीटनने लहान नमुन्यांवर मोजून दाखवले होते, की खालून वाहत्या पाण्याने ढकललेले चाक पाण्यातली जेमतेम २२ टक्के ताकद कामाला लावते आणि वरून पाणी भरून घेतलेले चाक साठ टक्क्यांच्या वर. हा निबंध त्याने १७५९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. कारण सरळ आहे. पाणी आदळले की त्याची ताकद उडण्यात, फेसाळण्यात जाते. पाणी पात्यावर बसून वजनाने खाली आले तर वाया कमी जाते. जिथे पाणी वरून पाडता येत नाही तिथे छातीवर घेणे हा मधला मार्ग.

पूर्ण भरात असताना चाकावरून सेकंदाला साधारण दोन टन पाणी जाते आणि चाक मिनिटाला पाच फेरे घेते. पाच फेरे म्हणजे फार सावकाश. पात्याचा वेग हिशेबाने सेकंदाला १.३६ मीटर येतो, म्हणजे मेसमध्ये रविवारची फीस्ट असताना आपण चालतो त्याहून कमीच. हा वेग दातेचाकांनी वाढवून मिनिटाला १६ फेरे करतात. त्यावर क्रँक, क्रँकला जोडलेल्या दोन ओतीव लोखंडी तुळया, प्रत्येक साडेपाच मीटर लांब, आणि तुळयांच्या टोकाला दोन पंप. गावातली हापशी डोळ्यासमोर आणा. तिचा दांडा साडेपाच मीटरचा करा. शेजारी तशीच दुसरी ठेवा. एक दांडा वर गेला की दुसरा खाली. हेच क्लॅव्हर्टन.

प्रत्येक पंप एका हिसक्याला ५० गॅलन पाणी वर ढकलतो. हे ब्रिटिश गॅलन, साडेचार लिटरचे, म्हणजे २२७ लिटर. आता गुणाकार करा: मिनिटाला १६ हिसके, दोन पंप, ५० गॅलन, झाले १,६०० गॅलन. तासाला ९६ हजार. या यंत्राची माहिती सांगताना तासाला साधारण एक लाख गॅलन असा आकडा देतात, तो इथून आला. फेरे, पंप आणि हिसका हे तीन वेगवेगळे आकडे गुणून चौथा बरोबर निघाला तेव्हा मला जे समाधान झाले ते सबमिशनच्या रीडिंगमध्ये कधी झालेले नाही. तिथे आपण उत्तरावरून रीडिंग काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

वहीत पुढे असा हिशेब केला. सेकंदाला सुमारे १२४ लिटर पाणी १४.६ मीटर वर चढवायचे तर १७.७ किलोवॅट, म्हणजे जवळपास २४ अश्वशक्ती लागते. चाकावरून सेकंदाला २,००० किलो पाणी खाली जाते. कशाचेही नुकसान झाले नसते तर ते फक्त ०.९ मीटर पडले तरी पुरले असते. चाक, दाते, पंप, नळ या सगळ्यांत मिळून निम्मी ताकद गेली असे धरले, तर १.८ मीटर पडावे लागेल. पुरुषभर उंची! म्हणजे १६ बादल्या पुरुषभर खाली उतरतात तेव्हा एक बादली आमच्या गच्चीवर पोचते. हे मी सेमिनारला अशाच शब्दांत सांगितले आणि मागच्या बाकावरून टाळी आली, कारण बादल्यांची आठवण ताजी होती.

जाता जाता, आम्ही तीन दिवस जे केले त्याचाही हिशेब मांडला. १५ लिटरची बादली, उचलणारा ६० किलोचा. जिना चढताना वर जाते ७५ किलो, त्यातले उपयोगाचे १५. कार्यक्षमता २० टक्के. स्मीटनच्या सगळ्यात वाईट चाकाच्या खाली आपला नंबर. आणि होस्टेलमधल्या २०० जणांना माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाचे २७ हजार लिटर होतात. क्लॅव्हर्टनचे यंत्र तेवढे पाणी पावणेचार मिनिटांच्या आत चढवेल.

व्हायवाला विचारतील असा एक प्रश्न: पंप वर कालव्याशी का नाहीत, खाली का? १४.६ मीटर ओढून घेता येत नाही म्हणून. हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर वर रेटतो, तेही पुस्तकात. पंप खाली ठेवून पाणी वर ढकलावेच लागते.

आता दात्यांबद्दल थोडे सविस्तर, कारण गोष्ट तिथेच अडली.

एवढ्या मोठ्या यंत्रात, जिथे तुळया लोखंडाच्या आहेत, तिथे मोठ्या दातेचाकाचे दाते मात्र ओक लाकडाचे आहेत. लोखंडी चाकाच्या कडेला खाचा, त्या खाचांत एकेक लाकडी दाता ठोकून बसवलेला, असे शेकडो दाते. मला हे मागासलेपण वाटले होते. सरांनी विचारले, "तुझ्या लेथच्या लीडस्क्रूला शिअर पिन असते की नाही? ती पोलादाची चांगली जाड का करत नाहीत?" तेव्हा ट्यूब पेटली. लाकूड लोखंडावर चालले की आवाज कमी, धक्के कमी, झीज लाकडाची होते. आणि काही अडकलेच तर लाकडी दाते मोडतात, तुळई आणि आस वाचतात. दाता सुतार करतो. आस ओतायला कारखाना लागतो. चक्क्या बांधणारे जुने कारागीर आणखी एक युक्ती करत. दात्यांची संख्या मुद्दाम अशी घेत, की एका चाकाचा तोच दाता दुसऱ्याच्या त्याच दात्याशी प्रत्येक फेऱ्यात भेटू नये. ६० आणि २० न घेता ६१ आणि २०. एखादा दाता वाकडा असला तर त्याचा त्रास सगळ्यांत वाटला जातो आणि झीज सारखी होते. जोडीला हाच दाता पुन्हा मिळायला वीस फेरे लागतात. आपण डिझाइनच्या पेपरात याला एक ओळ लिहितो, त्या लोकांनी ते हाताने करून ठेवले होते.

आपल्याकडची पाणचक्की म्हणजे छत्रपती संभाजीनगरची, पूर्वीच्या औरंगाबादची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली. शाळेच्या सहलीत ती आपल्यातल्या निम्म्यांनी पाहिली असेल. तिची रचना वेगळी आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून आणलेले, ते खाली आडव्या चाकावर पडते, चाकाचा उभा दांडा थेट जात्याला. चाकाचा एक फेरा म्हणजे जात्याचा एक फेरा. मधे दाते नाहीतच, त्यामुळे मोडायलाही काही नाही. हिमालयातले घराट असेच असतात. उभे चाक बसवले की वेग वाढवायला दाते आले, आणि दाते आले की दाते बसवणारा माणूस आला.

क्लॅव्हर्टनला तो माणूस जवळपास १४० वर्षे होता. मधे काळ बदलला. लंडन ते ब्रिस्टल रेल्वे १८४१ मध्ये पूर्ण झाली, कालव्यावरचा माल रेल्वेवर गेला आणि १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवाच विकत घेतला. ज्याचा धंदा आपण घेतला त्याचाच कालवा सांभाळायचा, मग तो किती मनापासून सांभाळला असेल ते तुम्हीच ठरवा. १९४८ मध्ये सगळे सरकारी झाले. तरी या पूर्ण काळात चाक फिरत होते, हापसे वर-खाली होत होते, कालव्याला पाणी मिळत होते.

१९५२ मध्ये नदीतून वाहत आलेला एक ओंडका चाकात अडकला. चाक अडले आणि बरेच ओकचे दाते सपासप मोडले.

यातला जोर किती, तेही पाहू. १७.७ किलोवॅट आणि मिनिटाला पाच फेरे, म्हणजे चाकाच्या आसावर कमीत कमी ३४ हजार न्यूटन-मीटरचा टॉर्क. आपल्या छोट्या मोटारीचे इंजिन साधारण शंभर न्यूटन-मीटर देते. ते साडेतीनशे मोटारींचे बळ, त्यात फिरत्या लोखंडाचा वेग, आणि अचानक ब्रेक. दाते मोडले नसते तर दुसरे काहीतरी मोडले असते. म्हणजे दात्यांनी आपले काम चोख केले. रेनीने जसे ठरवले होते तसेच मोडले.

शंभर वर्षांपूर्वी हे झाले असते तर काय झाले असते? चक्कीवाला सुतार आला असता, मोडके दाते उपटून काढले असते, ओकचे नवे दाते ठोकले असते, काही दिवसांत चाक फिरले असते. अशा यंत्रात दाते मोडणे म्हणजे सायकलची ट्यूब पंक्चर होणे. पण १९५२ मध्ये कालवाच बंद करावा असा सरकारी विचार चालू होता. जो कालवा मोडीत काढायचा त्याच्या चाकाला दाते कोण बसवणार? पण कालव्यात पाणी सोडणे कायद्याने भाग होते, म्हणून एक डिझेल पंप आणून ठेवला आणि पंपघराला कुलूप लागले. यंत्राचे ९५ टक्के भाग शाबूत होते. हा आकडा माझा आहे, अंदाजाने दिलेला, पण तुळया, पंप, आस सगळे जागेवर होते हे खरे.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच भागातला कालव्याचा एक टप्पा गळतीमुळे कोरडा करून बंद केला. ज्यांना कालवा हवा होता ते लोक तोपर्यंत जमायला लागले होते. १९५१ मध्ये त्यांची संघटना झाली, १९५६ मध्ये हजारो सह्यांचा अर्ज राणीकडे गेला, १९६२ मध्ये केनेट अँड एव्हन कॅनॉल ट्रस्ट स्थापन झाला. यात बोटवाले होते, आसपासचे रहिवासी होते, निवृत्त लोक होते. पैसा सरकारकडे, कुदळ यांच्याकडे.

इथे सरांच्या प्रश्नाचे उत्तर येते. क्लॅव्हर्टनच्या बरोबर वर टेकडीवर पठार आहे, त्याचे नाव क्लॅव्हर्टन डाउन. १९६६ मध्ये बाथ विद्यापीठाला सनद मिळाली आणि त्याचा कँपस या टेकडीवर उभा राहिला. टेकडीवर इंजिनिअरिंगची पोरे, टेकडीखाली दाते मोडलेले चाक. १९६० चे दशक संपता संपता ट्रस्टचे स्वयंसेवक आणि या विद्यापीठाचे विद्यार्थी मिळून पंपघरात शिरले. १९७६ मध्ये एव्हनचे पाणी पुन्हा कालव्यात चढले. २४ वर्षांनी.

साधारण सात वर्षे लागली. म्हणजे ज्या पोरांनी सुरुवात केली त्यांतल्या बहुतेकांनी चाक फिरताना विद्यार्थी म्हणून पाहिले नसणार. ते पास होऊन नोकरीला लागले असतील, मागून दुसरी बॅच आली असेल. आमच्याकडे एका गॅदरिंगच्या स्टेजचा सांगाडा पुढच्या बॅचसाठी नीट ठेवायचा म्हटले तरी कुणी ठेवत नाही, त्यामुळे मला या गोष्टीचे जास्त नवल वाटते. त्यांचा प्रोजेक्ट कुठल्याही एका वर्षाच्या मार्कलिस्टमध्ये बसणारा नव्हता.

आणि काम तरी कसले? ज्या यंत्राचा कारागीर नाही त्याचे यंत्र जुळवायचे. लाकडी दाता कसा कापायचा, रेषा कुठल्या दिशेने ठेवायच्या, खाचेत किती घट्ट बसवायचा, हे पुस्तकात मिळते, पण अर्धेच. पुस्तकात 'घट्ट' लिहिलेले असते. घट्ट म्हणजे किती ते हातोडा सांगतो. दाता फार घट्ट ठोकला तर लाकूड भिजून फुगल्यावर तडकतो, सैल ठेवला तर हलतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षी सुतारकामाचा जॉब करताना आपण जो डोव्हटेल जॉइंट केला तो आठवा. माझ्या जॉइंटमध्ये लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून इन्स्ट्रक्टरना दाखवला होता. त्यांनी तो दोन बोटांनी उघडून माझ्या हातात ठेवला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर सेमिनारला परीक्षकांनी विचारले तसे तुम्हीही विचाराल. परीक्षक म्हणाले, "पण आज त्या कालव्याला पाणी कोण देतं?" उत्तर असे, की १९८१ मध्ये जवळच प्रत्येकी ७५ अश्वशक्तीचे दोन विजेचे पंप बसवले. कालव्याचा पूर्ण मार्ग दुरुस्त होऊन १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा खुला झाला, बोटी चालू झाल्या, आणि त्यांना लागणारे पाणी बटण दाबून मिळते. रेनीचे चाक स्वयंसेवक काही ठरावीक दिवशी लोकांना चालवून दाखवत आले आहेत. मग उपयोग काय, असे परीक्षकांचे म्हणणे. मी म्हटले, "सर, बटण दाबायला वीज लागते." यावर हशा झाला पण मार्क किती मिळाले ते विचारू नका. खरे तर त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. विजेचा पंप रात्री-अपरात्री चालतो, नदी आटली किंवा फुगली तरी कुणाला उभे राहावे लागत नाही. पूर आला की बंधाऱ्याच्या खालचे पाणीही वर चढते, वरचे आणि खालचे पाणी जवळजवळ एका पातळीला येते आणि पाणचाक बसते. भरपूर पाणी असून चाक फिरत नाही, हे जुलैमध्ये आम्हाला वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय लाकूड पाण्यात कुजते. पाती बदलावी लागतात, दाते बदलावे लागतात. एकदा दुरुस्त केले आणि संपले असे या यंत्रात होत नाही. तिथे दुरुस्ती करणारे लोक असले तरच चाक आहे.

आता आमच्या मोटरचे. ती का जळाली ते मला सेमिनारची तयारी करताना कळले. आमच्याकडे पंपवाले मामा होते, वीस-बावीस वर्षे. ते मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे आले त्यांना चावी दिली, स्टार्टर दाखवला, बस्स. पंपाचा फुटवाल गळका होता. रात्रभरात नळातले पाणी खाली उतरायचे आणि पंप कोरडा राहायचा. मामा रोज सकाळी वरून दोन बादल्या पाणी ओतून, हवा निघाली की मगच बटण दाबायचे. हे कुठेही लिहिलेले नव्हते, कारण ते मामांना माहीत होते. जुलैत एका सकाळी पंप कोरडाच सुरू झाला. पाणी नाही म्हणून सील तापले, कोरडे घासून घासून शाफ्ट जॅम झाला, पण मोटर जोर लावतच राहिली आणि शेवटी तिचे वाइंडिंग जळाले. नवीन माणसाची यात काय चूक, सांगा. फुटवालाचे चामडे बदलायला पन्नास-शंभर रुपये लागले असते.

सेमिनार झाल्यावर आम्ही चौघे जण मामांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, मोटर जळाल्याचे ऐकून कपाळाला हात लावला आणि मग दोन तास सांगत बसले. कुठला व्हॉल्व्ह उलटा बसवलाय, पावसाळ्यात कुठल्या पॅनेलला हात लावायचा नाही, टाकी भरत आली की नळाचा आवाज कसा बदलतो. आम्ही लिहून घेत होतो. आवाज कसा बदलतो ते लिहिता आले नाही, म्हणून मामा पुढच्या रविवारी स्वतः आले, नव्या काकांना पंपघरात उभे केले आणि दोघांनी टाकी भरेपर्यंत कान लावून ऐकले.

ती वही आता पंपघरात खिळ्याला दोरीने बांधून ठेवली आहे. ग्लँड पॅकिंगचा साइज तेवढा लिहायचा राहिलाय. मामांना तेव्हा आठवला नव्हता, ते म्हणाले, जुनी दोरी उघडून बघितली की सांगतो.